इरावतीबाईंचं बर्लिन

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले आणि मी बर्लिनला निघाले. माझ्यासारखी बाई, जिने कराड-पुणे आणि फार तर काशी-रामेश्वर एवढाच प्रवास केलेला, ती बर्लिनला कशाला, असं शेजारणींनी विचारलंच. तर आमची सून तिथे असते. दोन वर्षांच्या संशोधनासाठी गेली आहे. मुलगा इथेच, पुण्यात नोकरीला.

आता खरं सांगायचं तर तिचं जाणं मला मुळीच पसंत नव्हतं. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. त्यात २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथे शिकणारी आपली हजारो मुलं पोरांसारखी तोंडं करून विमानातून उतरताना मी टीव्हीवर पाहिली होती. कुणाच्या हातात बॅग, कुणाच्या हातात मांजर. ते डोळ्यांपुढून जाईना. जर्मनी काही युक्रेन नव्हे, हे मला मुलाने नकाशा काढून दाखवलं, पण नकाशाने आईचं समाधान होतं होय? घरात आवाज न चढवता नाही म्हणायची एक रीत असते, ती तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. ‘बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा’ असं म्हणायचं आणि मग दोन दिवस मोजकंच बोलायचं. मी तेच केलं. ती गेली. आणि दीड वर्षाने तिनेच तिकीट पाठवलं, ‘आई, तुम्ही याच’ म्हणून.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपाची बरणी, सगळं घरी ठेवून जा. चकल्या, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. मी चिंचेचा एक गोळाही नेला होता. सुनेला आमटी चिंचगुळाचीच लागते.

तिचं घर शनेबेर्ग नावाच्या भागात आहे. जुनी पाचमजली इमारत, लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यावर दीड खोली. भाग मोठा सुरेख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, त्या दिवसांत पानं पिवळी होऊन फुटपाथवर नुसता सडा पडलेला. पहिल्या दिवशी भाजी आणायला निघालो तेव्हा दिव्याच्या खांबावर उंच लावलेली एक पाटी दिसली. एका बाजूला पावाचं चित्र. मला वाटलं बेकरीची जाहिरात. सून म्हणाली, “मागची बाजू बघा.” मागे काही मजकूर होता. तिने वाचून दाखवला. बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्यापिण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळेत विकत घ्याव्यात, असा तो हुकूम. तारीख जुलै १९४०.

चार ते पाच. म्हणजे दुकानातला चांगला माल संपल्यावर. मी हातातली पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. कुणा कवीने केलेलं वर्णन नाही, लढाईचं चित्र नाही, नुसती बाजारहाटाची वेळ. पण बाईमाणसाला ते बरोबर कळतं. अशा ऐंशी पाट्या त्या भागात आहेत, १९९३ साली दोन कलावंतांनी लावलेल्या. एकीवर मांजर आहे. ज्यूंना घरात पाळीव जनावर ठेवायला बंदी, १९४२. एकेक करून आयुष्य कसं आवळत नेलं ते चालता चालता वाचायचं.

आणि फुटपाथवर, घरांच्या दारांपुढे, दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले. त्या घरातून ज्यांना धरून नेलं त्यांची नावं. ‘इथे राहत होती’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने हे सुरू केलं आणि २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख असे दगड बसले. आमच्या सुनेच्या दारापुढे दोन आहेत, नवराबायकोचे. मी ते चुकवून, पदर सावरून, बाजूने जायला लागले. देवाच्या उंबऱ्यावर पाय देत नाही तसं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सून म्हणाली, “आई, उद्या आपण इरावतीबाईंकडे जाऊ.”

मला वाटलं तिची कुणी मराठी मैत्रीण असेल. म्हटलं, मग थोड्या चकल्या बांधून घेते. ती हसायला लागली. “अहो, इरावती कर्वे! ‘युगान्त’वाल्या. त्या इथेच शिकल्या.”

‘युगान्त’ आमच्या घरी आहे. माझ्या सासूबाईंनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलेलं. ‘परिपूर्ती’ मी लग्नाआधी वाचलं होतं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या, नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारणाऱ्या इरावतीबाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बर्लिनच्या इरावतीबाई मला ठाऊक नव्हत्या.

विटेनबेर्गप्लात्सवरून भुयारी गाडीने निघालं की हळूहळू गाडी उघड्यावर येते आणि डालेम हा भाग लागतो. डालेम-डोर्फ म्हणजे डालेम गाव. इथलं स्टेशन पाहून माझा विश्वास बसेना. लाकडी चौकटींच्या भिंती आणि वर चक्क गवताने शाकारलेलं छप्पर! १९१३ सालचं आहे. समोर जुनी शेतवाडी राखलेली, तिथे गाईगुरं, बटाट्याचं शेत. एवढ्या मोठ्या राजधानीत हे खेडं कसं राहिलं कोण जाणे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने याच गावाच्या शेतजमिनीवर मोठमोठ्या संशोधनसंस्था उभारल्या. पुढच्याच स्टेशनाला आता तिथल्या विद्यापीठाचं नाव आहे. तिथे उतरून पाच-सात मिनिटं चाललं की ईनेस्ट्रास नावाची गल्ली. बावीस नंबर.

इमारत साधी. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सरकारी हायस्कुलासारखी. आत राज्यशास्त्राची मुलं शिकतात, बाहेर सायकली लावलेल्या. दारापाशी एक मुलगा सँडविच खात बसला होता, तो सरकून बसला. मी दगडी पायरीवर टेकले आणि सून सांगू लागली. काही तिने सांगितलं, काही मी परत आल्यावर वाचलं, ते सगळं एकत्रच लिहिते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव. वडील करमरकर, तिकडे नोकरीला. सातव्या वर्षी मुलीला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलेशी मैत्री झाली आणि परांजप्यांनी या मुलीला घरचीच करून टाकलं. फर्ग्युसनमधून बी. ए. झाल्या, मुंबईला घुर्यांच्या हाताखाली एम. ए. केलं आणि दिनकर कर्व्यांशी लग्न झालं. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले. आपल्या बायकोनेही तिकडे जाऊन डॉक्टरेट करावी असं त्यांच्या मनात होतं.

आणि विरोध कुणाचा, तर सासऱ्यांचा. सासरे कोण? महर्षी अण्णासाहेब कर्वे! ज्यांनी विधवांसाठी हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं, साऱ्या महाराष्ट्राच्या लेकीसुनांना शिकवायला जे दारोदार हिंडले, त्यांना आपल्या सुनेने परदेशी शिकायला जाणं मान्य नव्हतं.

हे ऐकलं आणि मी एकदम गप्प झाले. सूनही माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत बसली. मुद्दाम सांगितलं का तिने? नसेलही. पण मला मनातून बरंही वाटलं हो. अण्णासाहेबांना जे सुटलं नाही ते माझ्यासारखीला कुठून सुटणार!

पैशाची सोय घरातून होणार नव्हती. तेव्हा डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. कर्जाऊ पैशावर, नवऱ्याला पुण्यात ठेवून, बाविशी-तेविशीची बाई बोटीने निघाली. पत्र जायला दोन-तीन आठवडे, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे आज विचारलं, ‘ताप उतरला का’, तर उत्तर दीड महिन्याने. आमची सून रोज रात्री मुलाशी चेहरा बघून बोलते, तरी मी म्हणे, ‘दोघांची ताटातूट केली’.

आणखी एक गंमत. १९२९ च्या मार्चमध्ये खुद्द अण्णासाहेब युरोपच्या दौऱ्यावर निघाले. वय सत्तरीच्या पुढे. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क असं करीत, जागोजाग सभांतून हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलले. सून त्या वेळी बर्लिनमध्ये अभ्यास करीत होतीच!

पण ते बर्लिन कसलं होतं? आज आपण गेलो तर कॉफीचा वास, फुलांची दुकानं, ट्रामची घंटा. तेव्हाचं शहर आतून खदखदत होतं. पहिलं महायुद्ध हरलेला देश. १९२३ साली तिथे महागाई इतकी भडकली होती की नोव्हेंबरात एक पाव २०० अब्ज मार्कांना मिळे. आकडा चुकलेला नाही, अब्जच. नंतर नवं चलन आलं, भाव स्थिर झाले, पण ज्या मध्यमवर्गीय बायकांची आयुष्यभराची बचत त्या एका वर्षात पाण्यात गेली त्या विसरतील कशा? त्या रागावर हात शेकणारे पुढारी गल्लोगल्ली होते. एकीकडे कम्युनिस्ट, दुसरीकडे हिटलरचे तपकिरी शर्टवाले, आणि दोघांच्या मारामाऱ्या. १९२९ च्या १ मेला मिरवणुकांवर बंदी असताना कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांनी वेडिंग आणि नॉइकोल्न या गरीब वस्त्यांतून गोळ्या चालवल्या. तीन दिवसांत तीसहून अधिक माणसं मेली. त्यांतली कितीतरी नुसती येणारी-जाणारी, घरात-खिडकीत उभी असलेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि जर्मनीत कारखाने बंद पडू लागले. हिवाळा संपेतो तीस लाखांवर माणसं बेकार.

मतांचे आकडे पाहिले तर अंगावर काटा येतो. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला शंभरात तीनसुद्धा मतं नव्हती, बारा जागा. १९३० च्या सप्टेंबरात एकशेसात. मधली दोन वर्षं म्हणजे इरावतीबाईंच्या अभ्यासाची वर्षं. कॉलेजात जाता-येता आजूबाजूला हे वाढताना त्यांनी पाहिलं असणार.

हे झालं रस्त्यावरचं. पण खरी गोष्ट या बावीस नंबरच्या आतली आहे.

ही संस्था १९२७ साली उघडली. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि ‘सुप्रजनन’ यांची. शब्द चांगला वाटतो ना? आपल्याकडे गर्भसंस्कार म्हणतात तसं काहीतरी. पण त्याचा अर्थ होता, कोणत्या माणसांना मुलं व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत हे शास्त्रज्ञांनी ठरवायचं. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. हे गृहस्थ १९०८ साली जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन गोऱ्या बापांच्या आणि आफ्रिकन आयांच्या संततीची मोजमापं घेऊन आले होते, आणि त्यावर पुस्तक लिहून मोठे झाले होते. त्यांच्या हाताखाली आपल्या पुण्याची ही मुलगी.

फिशरांनी तिला विषय दिला कवटीचा. नारळ फोडला की दोन वाट्या कधी सारख्या निघत नाहीत, बघा. तशी माणसाची कवटीही डावीउजवीकडे तंतोतंत सारखी नसते. फिशरांचं म्हणणं असं होतं की गोऱ्या युरोपियनांत हा फरक जास्त असणार, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, आणि म्हणून त्यांची बुद्धी आणि तर्क वरचढ. हे मोजून दाखवायचं. म्हणजे उत्तर आधी लिहून ठेवलेलं, फक्त रीत करून आणायची.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. एकेकीची डावी बाजू, उजवी बाजू, कपाळ, मागचा भाग. त्या काळी युरोपातल्या संग्रहालयांतून वसाहतींतल्या माणसांच्या कवट्यांचे ढीग लागलेले होते. कुणाच्या थडग्यातून उकरलेल्या, कुणाला फाशी देऊन आणलेल्या. त्यांच्या घरच्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे सुतक, दहावा, तेरावा करणाऱ्या घरातली मुलगी, तिला त्या पहिल्या दिवशी काय वाटलं असेल? मी सुनेला हे विचारलं. ती म्हणाली, “मला माहीत नाही आई, पण हात धुतल्यावर बराच वेळ ओढणीला पुसत राहिली असेल.” त्या ओढणी वापरीत नसत, नऊवारी किंवा पाचवारी नेसत असतील, पण ते राहू दे.

मोजून झाल्यावर आकडे मांडले. फरक सगळ्याच कवट्यांत होता. गोऱ्यांच्याही, काळ्यांच्याही. वंशाशी त्याचा काही संबंध लागत नव्हता. तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं.

इथे मी जरा थांबले. पायरीवर ऊन आलं होतं. आता बघा, परका देश, परकी भाषा, कर्जाचे पैसे, घरी विरोध मोडून आलेली सून. पदवी मिळाली नाही तर परत जाऊन कुणाला तोंड दाखवायचं? सरांना हवं ते चार ओळींत लिहून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पुण्यात कोण कवट्या मोजायला बसलं होतं! आपण सगळ्या घरात रोजच असं करतो. भाजी खारट झाली असली तरी मामंजी छान म्हणाले की आपणही छानच म्हणतो. मी तर म्हणतेच.

पदवी मिळाली. १९३० साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुढच्या वर्षी प्रबंध छापलाही गेला. त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि तियागो पिंतो बार्बोसा या ब्राझीलच्या संशोधकाने मिळून २०२४ साली बाईंचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं आहे, ‘इरू’ नावाचं. त्यात लिहिलं आहे की फिशरांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. पास केलं, एवढंच.

याच फिशरांना १९३३ मध्ये हिटलर आल्यावर विद्यापीठाचं कुलगुरुपद मिळालं. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठासमोरच्या चौकात विद्यार्थ्यांनीच पुस्तकांची होळी केली. मग कायदा झाला, की सरकारच्या मते ज्यांची संतती ‘सदोष’ होईल त्यांची सक्तीने नसबंदी करायची. सुमारे चार लाख माणसांवर ती शस्त्रक्रिया झाली. कुणावर करायची याचे दाखले देण्यात या इमारतीतले विद्वानही होते. जर्मन आया आणि आफ्रिकन सैनिक बाप अशा शेकडो मुलामुलींनाही १९३७ साली सोडलं नाही. १९४२ नंतर इथे फेरशुअर प्रमुख झाले. आउश्वित्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले हा त्यांचाच शिष्य, आणि तिथे मारलेल्या माणसांचे अवयव याच पत्त्यावर पाठवले जात. ईनेस्ट्रास, बावीस नंबर. जिच्या पायरीवर मी बसले होते.

मी उठलेच.

दाराजवळ १९८८ साली बसवलेली धातूची पाटी आहे. शास्त्रज्ञांनी जे केलं त्याचा पाढा वाचून शेवटी लिहिलं आहे की आपल्या कामाची आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी शास्त्रज्ञांवरच असते. आता २०२४ च्या ऑक्टोबरपासून इमारतीत आणि बाहेरही माहितीचे फलक लावले आहेत. जवळच विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या आवारात २०१४ मध्ये खोदकाम चालू असता जमिनीतून माणसांची हाडं निघाली. पुढे रीतसर उत्खनन केलं तेव्हा सुमारे १६,००० तुकडे मिळाले. लहानमोठ्या माणसांचे, मुलांचेसुद्धा. ती कोणाची, हे शोधायला आणखी तपासण्या करता आल्या असत्या. पण ज्यू, रोमा आणि आफ्रिकन लोकांच्या संस्थांशी बोलून असं ठरलं, की या माणसांची ‘तू कोणत्या वंशाचा’ म्हणून पुन्हा एकदा वाटणी करायची नाही. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या वनातल्या दफनभूमीत सगळ्यांना एकत्र पुरलं. मला हे फार बरोबर वाटलं. आपल्याकडेही बेवारशी प्रेताला अग्नी देताना जात विचारू नये.

फिशरांना शिक्षा वगैरे काही झाली नाही. त्र्याण्णव वर्षं जगून १९६७ साली वारले. इकडे त्याच वर्षी ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं.

एक गोष्ट मात्र मला टोचली, ती लपवत नाही. मला वाटलं होतं, एवढं पाहिल्यावर बाईंनी ती मोजपट्टी फेकून दिली असेल. तसं नाही. पुण्याला आल्यावरही त्यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या माणसांची डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. खेडोपाडी हिंडून, ऊनपावसात. सुनेला मी म्हटलं, “हे कसं ग?” ती म्हणाली, “आई, शिकलेलं सगळं टाकून देता येत नाही. सरांचं उत्तर त्यांनी नाकारलं, हत्यार नाही नाकारलं.” तिला ते पटलेलं दिसत नव्हतं, मलाही नाही पटलं. पण पुढे बाईंचं लक्ष डोक्यांवरून माणसांच्या नात्यांकडे वळत गेलं. कोण कोणाला मामा म्हणतो, कुठे मामेबहिणीशी लग्न चालतं, कुठे नाही, यावर त्यांनी १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला. आणि अगदी शेवटी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी केली. तीही १९६९ सालची, बाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षीची. कोयनेकडची उठलेली माणसं आम्ही कराडकर ओळखतो. आमच्या घरी दूध घालणारे त्यांतलेच होते. त्यांच्याकडे कुणी वही घेऊन गेलं होतं आणि ती बाई बर्लिनच्या या पायरीवरून तिथवर पोचली होती, हे मला डालेममध्ये कळावं!

दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत जेवलो. उकडलेले बटाटे, कोबी आणि एक पातळ सार. मीठ वरून घ्यायचं. हे विद्यापीठही अशांततेतूनच निघालं बरं का. युद्धानंतर शहर चार सत्तांनी वाटून घेतलं. जुनं विद्यापीठ रशियनांच्या वाट्याला गेलं आणि तिथे वेगळं बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची धरपकड सुरू झाली. तेव्हा मुलांनी आणि काही प्राध्यापकांनी मिळून १९४८ मध्ये इकडे नवं विद्यापीठ काढलं, तेही रशियनांनी शहराची कोंडी केली असताना, जेव्हा कोळसा आणि पीठसुद्धा विमानाने येत होतं.

बटाटे चिवडता चिवडता मी सुनेला म्हटलं, “मी तुला नाही म्हणाले होते.”

“तुम्ही नाही कुठे म्हणालात? ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणालात.”

“तेच ते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटातला कोबी आपल्या ताटात ओढून घेतला. मला कोबी आवडत नाही हे तिला ठाऊक आहे.

९ नोव्हेंबरला मी अजून तिथेच होते. १९३८ साली त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनामंदिरं फोडली, जाळली. म्हणून त्या दिवशी लोक फुटपाथवरचे ते पितळी दगड घासून पुसून ठेवतात, शेजारी मेणबत्ती लावतात. सकाळी खाली उतरले तर शेजारच्या दारापुढे एक तरुण मुलगा गुडघ्यावर बसून ट्यूबमधलं पांढरं मलम चोळत होता. आमच्या दारापुढचे दोन मात्र काळे पडलेले. मी वर गेले, चिंचेचा गोळा उरला होता त्यातला लिंबाएवढा भिजवला, चिमूटभर मीठ घेतलं आणि खाली येऊन बसले. देवाची उपकरणी घासतो तसे घासले. नवऱ्याचा आधी उजळला, बायकोच्या दगडाच्या कोपऱ्यात डांबरासारखं काही बसलं होतं, त्याला वेळ लागला.

पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई काठी टेकत बाहेर आल्या. कधी हसत नाहीत, असं सून म्हणायची. वाकून बघू लागल्या, काहीतरी विचारलं. मला भाषा येईना. सून वरून खिडकीतून ओरडली, “काय लावताय ते विचारताहेत!”

“चिंच म्हणावं.”

तिने जर्मनमध्ये काय सांगितलं देव जाणे. आजीबाईंनी बोट बुडवून चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. उरलेली चिंच मी त्यात बांधून दिली.